‘येते’चं ‘येतो’ झालं

इस्पितळाच्या तळघरात धोबीखातं होतं आणि तिथं सगळ्या जणी तिला ‘थोरली’ म्हणायच्या. घरात ती थोरली होतीच. तिच्या पाठीवर एकच भाऊ, तोही आठ वर्षांनी. धोबीखात्यातही तिच्या आधी कामाला लागलेली कुणी उरली नव्हती, म्हणून हे नाव तिथंही चिकटलं. सोळाव्या वर्षी ती त्या ओल्या पायऱ्या पहिल्यांदा उतरली आणि केस पांढरे होईपर्यंत उतरत राहिली.

काम दिसायला साधं, पण त्यात खाचाखोचा फार. रक्ताच्या डागाला गरम पाणी दाखवलं की तो डाग जन्माचा झाला. परिचारिकांच्या टोप्यांना खळ जास्त झाली तर त्या कपाळाला कापतात, कमी झाली तर दुपारपर्यंत कोबीच्या पानासारख्या लोंबतात. चादरींसाठी वाफेवर फिरणारे दोन मोठे रूळ होते. दोघींनी एका बाजूनं चादर सरकवायची, दोघींनी पलीकडून ओढून घ्यायची, आणि चौघींचे हात एका ठेक्यात चालले नाहीत तर कुणाची तरी बोटं गेलीच समजा. थोरलीच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याच्या पट्ट्या होत्या. जुन्या पांढऱ्या, नव्या लाल.

ठेका चुकू नये म्हणून ती गाणी जुळवायची. देवाची नव्हे, कसलीही. इस्पितळाच्या मेट्रनबाईवरचं एक तर सगळ्यांना पाठ होतं: “मोठ्या बाई आल्या, चाव्या खुळखुळ झाल्या, उश्या मोजता मोजता उशीवरच निजल्या.” मेट्रनबाईनं ते एकदा दाराआडून ऐकलं आणि आठवडाभर सगळ्यांना साबणाच्या वड्या मोजून दिल्या. तरी बायका म्हणायच्याच, “थोरले, सोड की एखादं.” आणि थोरली सोडायची. शब्द तिच्याकडे आपणहून यायचे. यात काही मोठं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

घरात मोठं होतं ते धाकट्याचं गाणं. वडील लवकर गेले होते. दोन खोल्या, खाली चांभाराचं दुकान, आणि वरती आई नि दोन पोरं. धाकट्याचा गळा देवानं सवडीनं घडवला होता. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला, तो वरच्या सज्जातून गायला लागला की खोकणारी म्हातारी माणसंसुद्धा खोकला गिळायची. पुढं फादरांनीच त्याला सेमिनरीत पाठवायचं ठरवलं, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण मिळतं तिथं. रेल्वेनं पाच तासांवर. आईनं हो म्हणण्याआधी थोरलीकडे पाहिलं, कारण घर तिच्या हातांवर चाललं होतं. थोरली म्हणाली, “जाऊ दे त्याला. मी आहे.” तेव्हा तिच्यासाठी एक सुताराचं स्थळ आलं होतं. त्याला तिनं थांबायला सांगितलं. तो दोन वर्षं थांबला, मग नाही थांबला. याचा तिला राग नव्हता. थांबायला कुणाला किती जमतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

आईचा खुबा दुखरा होता. चर्चला जाताना ती कायम दहा पावलं मागं. चर्चचं दार जड, त्याला मागून ओढणारी लोखंडी पट्टी होती, म्हणून थोरली पुढं जाऊन ते धरून उभी राहायची आणि आई रस्त्यातूनच ओरडायची, “दार लोटू नकोस गं, येते मी हळूहळू!” फाटकाजवळ बसणारे लोक हसायचे. आईही हसायची.

धाकटा एकोणीस वर्षांचा असताना आईच्या पायांना सूज आली. पायांवरून ती पोटात गेली, मग श्वासात. इस्पितळात जायला आई तयार नव्हती. “तुझ्या चादरी मला टोचतील,” म्हणाली. थोरलीनं खाट खिडकीशी लावली, खात्यातून रजा घेतली आणि सात आठवडे आईचं सगळं केलं. शेवटच्या सोमवारी डॉक्टर जिन्यात थांबून म्हणाले, “मुलाला बोलवा.” संध्याकाळी तिनं तार केली: आई फार आजारी, ताबडतोब ये.

मंगळवार गेला. जिन्यात पाऊल वाजलं की आई डोळे उघडायची. दर वेळी चांभाराचंच गिऱ्हाईक निघायचं. बुधवारी दुपारी ऊन खाटेवर आलं होतं. आई कुणाकडे पाहत होती कोण जाणे, छताकडे असेल. एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, “दार लोटू नका, येते मी हळूहळू.” नकोस नव्हे, नका. मोठ्या माणसाला सांगावं तसं. थोरलीनं तिचा हात धरला. तीनच्या सुमाराला तो हात नुसता हात राहिला.

धाकटा शुक्रवारी आला. माती होऊन गेली होती. तो जिन्यातच बसला आणि पायरीवर डोकं आपटायला लागला. “ताई, तार मला गुरुवारी मिळाली गं. गुरुवारी!” थोरलीनं स्वतःचं रडं बाजूला ठेवलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. टपालखात्याला तिनं मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की पुढच्या शनिवारी त्या फादरांपुढं पापनिवेदनात सांगाव्या लागल्या.

मग महिनाभर रुळांपाशी तिच्या तोंडून एकही थट्टेचं गाणं निघालं नाही. निघालं ते दुसरंच. खळीच्या पुड्यांच्या कोऱ्या बाजूवर ती जेवणाच्या सुट्टीत लिहीत होती, खोडत होती. तीन कडवी झाली. पहिलं असं होतं:

दार लोटू नको देवा, येते मी हळूहळू,
हात माझे भाजलेले, तोल लागला ढळू.
उंबऱ्याशी बसव मला, आत जागा नसली तरी,
तुझ्या घरच्या उजेडाची एक रेघ माझ्यावरी.

त्या बुधवारच्या दुपारची सगळी हकीकत लिहून ती कडवी तिनं धाकट्याला पत्रातून पाठवली. तो शेवटच्या वेळी आईजवळ नव्हता, तर निदान आईचे शब्द तरी त्याच्याजवळ असावेत, एवढंच मनात. त्याचं उत्तर आलं, “ताई, वाचून रात्र रात्र रडलो.” सुट्टीत आला तेव्हा तिनं चालही म्हणून दाखवली. चाल म्हणजे रुळांचाच ठेका, जरा संथ केलेला. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि दुसऱ्यांदा तिच्याबरोबर गायला. आईच्या रिकाम्या खाटेजवळ बसून दोघं गायली. थोरलीच्या आयुष्यातला तो फार सुखाचा तास होता.

सहा वर्षांनी धाकट्याची गुरुदीक्षा झाली. थोरली नवं पातळ नेसून, पाच तास गाडीनं जाऊन तिथल्या मोठ्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसली. सगळ्यांच्या हातात गीतांचे छापील कागद दिले होते. कम्युनियनचा प्रसाद वाटून झाल्यावर ऑर्गनवर रुळांचा ठेका सुरू झाला, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. ‘बाई गं, माझं गाणं! मला न सांगता ठेवलंय लबाडानं.’ तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. खाली छापलं होतं, ‘शब्द व चाल’, आणि पुढं तिच्या भावाचं नाव.

ती वाचत गेली. ‘येते मी हळूहळू’चं ‘येतो मी हळूहळू’ झालं होतं. ‘हात माझे भाजलेले’चं झालं होतं ‘हात माझे बांधलेले’. चारशे माणसं गात होती, त्यात निम्म्या बायका, आणि सगळ्या ‘येतो, येतो’ म्हणत होत्या. ती गायली नाही. शेजारची बाई कुजबुजली, “मोठी बहीण ना तुम्ही? रडा, रडा. आनंदाचं रडं अडवू नये.”

दुपारी त्याला एकटं गाठून तिनं विचारलं. रागानं नव्हे, छपाईची चूकच असणार असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

“अगं, छापखान्यात त्यांनीच घातलं,” तो म्हणाला. “चाल ऑर्गनवाल्यांनी माझ्याकडून ऐकून उतरवली, त्यांना वाटलं माझंच.”

“आणि ‘बांधलेले’?”

“पापानं बांधलेले. ‘भाजलेले’ म्हटलं की लोकांना स्वयंपाकघर आठवतं, ताई.”

“स्वयंपाकघर नाही, इस्त्री.”

तो हसला, तिचा हात हातात घेऊन भाजल्याच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. “पुढच्या छपाईत दुरुस्त करतो. तू नि मी काय वेगळे आहोत का?”

पुढच्या छपाया झाल्या, चार-पाच झाल्या. गाणं वाऱ्यासारखं पसरलं. मयताच्या मिस्सेला तर त्याच्याशिवाय पान हलेना. रेडिओवर लागलं. इस्पितळाच्या छोट्या प्रार्थनाघरातून ते धोबीखात्याच्या झरोक्यात ऐकू यायचं आणि रुळांपाशी नव्या पोरी गुणगुणायच्या. एकदा न राहवून थोरली मुकादमीणबाईला म्हणाली, “हे माझं आहे.”

“काय तुझं?”

“गाणं. मी लिहिलंय.”

मुकादमीण पोट धरून हसली. “हो का? मग बायबल कुणी लिहिलं, मी?” स्वभावानं ती वाईट नव्हती. हसून झाल्यावर तिनं थोरलीला आपल्यातला अर्धा पाव दिला. थोरलीनं तो खाल्ला आणि तो विषय त्यानंतर खात्यात काढला नाही. भाऊ कधीतरी आपणहून बोलेल, असं तिला तेव्हाही वाटत होतं. रक्ताच्या माणसाबद्दल माणूस फार उशिरा शहाणं होतं.

पंधरा वर्षांनी धाकट्याची बदली त्यांच्याच चर्चला झाली. लोकांना कोण आनंद! आपल्या गल्लीतला मुलगा, आपल्या गाण्याचा कवी, आपला फादर होऊन आला. थोरलीलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तिनं त्याचे मिस्सेचे पांढरे झगे घरी आणून स्वतः धुतले, झालरीच्या चुण्या एकेक करून इस्त्रीच्या टोकानं बसवल्या. दर रविवारी दुपारी तो तिच्याकडे जेवायला यायचा, आणि जिन्यात चांभार त्याला वाकून नमस्कार करायचा.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यानं प्रवचनात त्या गाण्याची गोष्ट सांगितली.

“लोक मला विचारतात, हे गीत कसं सुचलं,” त्यानं सुरुवात केली. “मी एकोणीस वर्षांचा होतो. माझी आई मृत्युशय्येवर होती. दुपारची वेळ, खिडकीतून खाटेवर ऊन आलेलं. तिचा हात माझ्या हातात होता. ती म्हणाली, ‘बाळा, दार लोटू नकोस, येते मी हळूहळू.’ आणि माझ्या हातातला तिचा हात नुसता हात राहिला.”

हे वाक्य थोरलीचं होतं. तिच्या पत्रातलं, जसंच्या तसं. ऊनही तिचं होतं.

चर्चभर नाकं ओढल्याचे आवाज आले. थोरली समोरच्या बाकाची कड धरून बसली. गाणं नेलं तेव्हा तिला चोरी झाल्यासारखं वाटलं होतं. आता मात्र आपल्याला कुणी त्या खोलीतून हाताला धरून बाहेर काढलंय, दार लावलंय, आणि आत आई दुसऱ्याच कुणाचा हात धरून मरतेय, असं वाटलं. सात आठवडे, सोमवारची तार, मंगळवारचे सगळे आवाज, काही म्हणता काही तिचं राहिलं नाही.

त्या दुपारी तिनं त्याला नेहमीसारखं जेवू घातलं. पुढच्या शनिवारी ती चर्चमध्ये गेली. पापनिवेदनाला एरवी ती म्हाताऱ्या फादरांकडे जायची, त्या दिवशी भावाच्या रांगेत उभी राहिली. लाकडी जाळीपलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

“फादर, माझ्या मनात विष आहे. माझ्या भावाबद्दल.”

“किती दिवसांपासून?”

“पंधरा वर्षं म्हणा. पण गेल्या रविवारपासून झोप नाही. तो माझ्या आईच्या मरणाला नव्हता. आता सांगतोय, होता. माझं गाणं त्यानं घेतलं, ते मी पोटात घातलं. आई कशी घालू पोटात?”

“क्षमा करावी,” तो हळूच म्हणाला. ती कुणी तिऱ्हाईत असावी तसं. “क्षमेनं आपलंच ओझं उतरतं. तीन वेळा ‘हे आमच्या बापा’ म्हणावं.” आणि त्यानं पापमुक्तीचे शब्द म्हटले. लॅटिनमधून, भरभर.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं सरळ विषय काढला. “मग, काय ठरवलंस?”

त्यानं चमचा खाली ठेवला. “ताई, पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टीबद्दल मला बाहेर चकार शब्द काढता येत नाही. प्राण गेला तरी. तुला ठाऊक आहे.”

“मी आत्ता इथं विचारतेय. सूप पीत.”

“विषय तोच आहे ना. माझ्या तोंडाला कुलूप आहे.”

कुलूप तिनंच नेऊन दिलं होतं त्याच्या हातात. नंतर तिनं म्हाताऱ्या फादरांना आडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “छे, ज्यानं पाप सांगितलं त्यानंच मोकळीक दिली, तर बोलता येतं की.” म्हणजे ज्याला बोलायचंच नाही त्याच्यासाठी ते कुलूप होतं.

त्या हिवाळ्यात चादरींची गाडी वर नेणारा माणूस आजारी पडला आणि आठ दिवस थोरलीनं ती गाडी वॉर्डांतून फिरवली. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यात मोडक्या मांडीचा एक म्हातारा होता. खालून गाण्याचा आवाज आला तसा तो खुशीत म्हणाला, “हे आमच्या पोराचं हां! मी सेमिनरीचा दारवान होतो, एकतीस वर्षं.”

“तो माझा भाऊ,” थोरली म्हणाली. उशीचा अभ्रा बदलत होती ती.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. “म्हणजे ती तार तुमची! अहो, मीच दिली त्याच्या हातात. मंगळवारी सकाळी, नाश्त्याची घंटा व्हायच्या आत. पोरांना तार आली की मी पळायचो. तार म्हणजे घरात कुणीतरी गेलं, नाहीतर जायला टेकलं. म्हटलं, दहाची गाडी आहे, टांगा आणू का? तर तो म्हणाला, नको, संध्याकाळी बिशप यायचेत, मला एकट्यानं गायचंय.” म्हाताऱ्यानं आवाज उतरवला. “आणि सेमिनरीच्या मुख्यांना, रेक्टरना, सांगू नका म्हणाला. मी नाही सांगितलं. पण काय गायला हो तो त्या संध्याकाळी! बिशप उठून उभे राहिले.”

“मंगळवारी,” थोरली म्हणाली.

“मंगळवारीच. बुधवारी माझी सुट्टी असायची.”

अभ्रा अर्धाच चढलेला होता. तिनं तो पुरा चढवला, उशी थोपटली, म्हाताऱ्याच्या मानेखाली नीट सरकवली. दहाची गाडी म्हणजे तीनला घरी. मंगळवारी तीनला. आई बोलत होती तेव्हा. सूप मागितलं होतं तिनं.

गाडी वॉर्डाच्या मध्यावर सोडून, ओला एप्रन तसाच बांधलेली ती रस्ता ओलांडून चर्चमागच्या घरात गेली. धाकटा टेबलाशी लिहीत बसला होता.

“तार मंगळवारी मिळाली होती तुला,” ती म्हणाली.

त्यानं नाकारलं नाही. चेहऱ्यावरचा रंग मात्र गेला आणि तो एकदम एकोणीस वर्षांचा दिसायला लागला. “मला वाटलं, एक रात्र थांबेल ती,” तो म्हणाला. “बुधवारी सकाळी निघालोच होतो, ताई. स्टेशनापर्यंत गेलो. मग वाटलं, आता गेलो आणि उशीर झाला असला तर... गुरुवारी रात्रीपर्यंत तिथंच बाकड्यावर बसून राहिलो.” तो रडत होता. “परत गेल्यावर रेक्टरनी विचारलं, आई भेटली का? मी हो म्हणालो. कशी गेली? मला काय सांगावं कळेना. मग तुझं पत्र आलं, त्यात सगळं होतं. ते मी माझं म्हणून सांगितलं. गोष्ट माझी झाली, मग गाणंही माझंच असायला हवं होतं. एक काढलं की दुसरं पडतं.”

थोरलीला त्या क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. हे तिला पुढं आयुष्यभर विचित्र वाटत राहिलं. ती नुसती खुर्चीत बसली.

“गाणं ठेव तुला,” ती म्हणाली. “नाव ठेव. ‘बांधलेले’ ठेव, काय हवं ते ठेव. फक्त रविवारी एवढंच सांग, की तू तिथं नव्हतास. एक वाक्य. माझी आई मला परत दे.”

“सांगतो.”

“शपथ?”

त्यानं टेबलावरच्या क्रुसावर हात ठेवला. “सांगतो, ताई.”

परत येताना तिला हलकं वाटलं. शनिवारी तिनं त्याचा झगा नेहमीपेक्षा मन लावून इस्त्री केला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. प्रवचनात तो म्हणाला, “त्या गीताबद्दल आज मला तुमच्यासमोर एक सत्य सांगायचं आहे. आजवर मी ते सांगितलं नव्हतं.” थोरली बाकावर पुढं सरकली. “आईच्या खाटेजवळ त्या दुपारी मी एकटा नव्हतो. माझी मोठी बहीणही त्या घरात होती. तिनं पाणी तापवलं, चादरी बदलल्या, सात आठवडे सेवा केली. ती नसती तर मला आईचा हात धरून निवांत बसता आलं नसतं. माझ्या गीतात तिच्या सेवेचाही वाटा आहे. ती आज इथं आहे. ताई, उभी राहा.”

सगळं चर्च वळलं. हसरे, ओले, प्रेमळ चेहरे. थोरलीला उठायचं नव्हतं. पण चाळीस वर्षं चर्चमध्ये ‘उभे राहा’ म्हटलं की उभं राहिलेले ते गुडघे, ते आपणहून उठले. ती उभी राहिली. म्हणजे साक्ष झाली. ऑर्गन सुरू झाला आणि सगळे गायले. बाहेर पडताना बायकांनी तिचे हात हातात घेतले. “काय भाग्य हो तुमचं!” सुताराची बायको तर गळ्यातच पडली.

केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. रक्त निघत नाही आणि बघणारे टाळ्या वाजवतात.

त्या सोमवारी तिनं त्याचे झगे न धुता गाठोडं करून परत पाठवले. तो जेवायला आला नाही आणि तिनं वाट पाहिली नाही. एवढं मात्र केलं: गीतांचं मोठं पुस्तक निघणार होतं, प्रत्येक गीतामागची हकीकत देणारं, ते काढणाऱ्या मंडळाला तिनं पत्र लिहिलं. चार पानं, खाडाखोड न करता. सोमवारची तार, मंगळवारची सकाळ, दारवानाचं म्हणणं, ‘भाजलेले’, सगळं. पण दारवान तोवर वारला होता, आणि तिचं जुनं पत्र नि कडवी धाकट्याकडे होती. त्याच्याकडे म्हणजे कुठंच नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा फार सौम्य होती. ‘आपण भर चर्चमध्ये उभं राहून फादरांच्या निवेदनास मान्यता दिल्याचं अनेकांनी पाहिलं आहे. आम्ही फादरांनाही विचारलं. त्यांनी अत्यंत ममतेनं कळवलं, की मातोश्रींच्या निधनानंतर ताईंच्या आठवणींत थोडी सरमिसळ होते, तरी त्यांना दुखवू नये.’

‘अत्यंत ममतेनं’ हे शब्द तिनं दोनदा वाचले. मग कागदाची घडी घालून तो स्टोव्हमध्ये सारला आणि त्यावर चहाचं पाणी ठेवलं.

त्याची पुढं बदली झाली, मग बढती. थोरली साठीला निवृत्त झाली, पण इस्पितळात जात राहिली. ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्या बायांजवळ ती दुपारी बसायची. हात धरायची, पाणी द्यायची, त्यांच्या मुलांबद्दलचं ऐकायची. गात नसे. एखादीनं सांगितलंच, तर मेट्रनबाईचं थट्टेचं गाणं म्हणायची, आणि मरायला टेकलेली बाईसुद्धा हसायची.

ती त्रेसष्ट वर्षांची असताना एका दुपारी धाकटा आला. केस पिकलेले, जिना चढून धाप लागलेली. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली होती. पहिल्या पानावर त्यानं शाईनं लिहून आणलं होतं, ‘माझ्या ताईस, जिच्यावाचून काहीच झालं नसतं.’ तिनं ते वाचलं, पुस्तक खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि चहा केला.

“रागावलीस अजून?” तो म्हणाला.

“साखर किती घेता तुम्ही, फादर?”

“ताई, मला ‘तुम्ही’ काय म्हणतेस?”

“मग काय म्हणू?” तिनं विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तिनं अंदाजानं दोन चमचे साखर घातली, कप त्याच्यासमोर ठेवला आणि तो चहा संपवेपर्यंत पाहुण्याजवळ बसावं तशी हात मांडीवर ठेवून बसली.